मुका सामना

आक्काच्या घरी मी पोचलो तेव्हा दाजी अजून आले नव्हते. तिनं सरळ ताट वाढलं. भाकरी, झुणका आणि दह्याची वाटी. अवघड काही बोलायचं असलं की मी तिच्याकडं जेवायला जातो, हे तिला माझ्या लहानपणापासून ठाऊक.

"काय ठरलं तुमचं?" ती म्हणाली.

"तेच सांगायला आलोय."

"मला नको सांगू. ज्याचं त्याला सांग."

बाहेर चप्पल वाजली. तव्यावरची भाकरी उलटता उलटता, दाराकडं न बघताच आक्का म्हणाली, "उंबरा." दाजींनी पाय उचलून आत टाकला.

मी हसलो. अलीकडं ती हे दर वेळी म्हणायची आणि मी दर वेळी हसायचो. "अगं, जन्म गेला त्यांचा या घरात. नव्या नवरीला सांगावं तसं काय सांगतीस?"

"दिगू आलाय व्हय?" दाजी म्हणाले, आणि भिंतीशी टेकून बसले.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. दाजी म्हणजे यशवंत साळोखे, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आणि पिंपळकट्टा तालमीचा दहा नंबर. कोल्हापुरात फुटबॉल हा पेठेचा खेळ. तालमीत जोर काढायचे आणि मैदानात बॉल मारायचा, ही आमची रीत. प्रत्येक तालमीचा संघ, प्रत्येक संघामागं एक पेठ, आणि पेठेत दोन पक्ष नसतात. मुलगी दुसऱ्या पेठेत दिली तरी माणसं जावयाशी बोलतात, पण सामन्याच्या दिवशी नाही.

त्या वर्षी तालीम रिकामी झाली होती. चांगले गडी इतर पेठांनी उचलले, दोघं नोकरीसाठी पुण्याला गेले, एकाचा गुडघा गेला. जुन्यांतले उरले एकटे दाजी. बाकी सगळी कोवळी पोरं, त्यांना बॉल आणि भोपळा यातला फरक नुकता कळायला लागलेला. संघ नव्यानं बांधायचा असं तालमीच्या बैठकीत ठरलं आणि बांधणारा म्हणून माझं नाव पुढं आलं, कारण मी बैठकीला उशिरा पोचलो आणि नाही म्हणायला तिथं नव्हतो. मी जुना गोलकीपर, आणि पोटासाठी महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवणारा मास्तर. पोरांना वळण लावता लावता हंगाम संपत आला आणि शेवटच्या सामन्यापाशी गाडं अडलं. बरोबरी झाली तर आम्ही वरच्या गटात राहणार, हरलो तर खालच्या गटात जाणार. पेठेच्या इतिहासात तालीम कधी खाली गेली नव्हती.

त्यात भर म्हणजे हा सामना प्रेक्षकांविना होता. आदल्या सामन्यात आमची पेठ स्टेडियमच्या ज्या पायरीवर बसते तिथून मैदानात दगड गेला. फुटबॉल संघटनेनं शिक्षा दिली, की पिंपळकट्ट्याचा शेवटचा सामना बंद गेटाआड होईल. आत खेळाडू, बाकावरची माणसं आणि तालमीचा एक पदाधिकारी. बाकी पेठेनं रस्त्यावर उभं राहायचं.

आणि मला ठरवायचं होतं, की दहा नंबर घालून मैदानाच्या मधोमध उभं कुणी राहायचं. दाजींनी की तौफिक शिकलगारनं.

तौफिक एकोणीस वर्षांचा. त्याच्या बापाचं कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचं दुकान तालमीच्या तोंडाशीच होतं. गेल्या हंगामापर्यंत तो खेळाडू नव्हताच, आमच्या पायरीवरचा सगळ्यात मोठा गळा होता. इतर पेठांच्या पायऱ्यांवर हलगी वाजते. आमची पायरी नुसती ओरडते. बॉल आपल्या गड्याच्या पायात आला की सगळे मिळून सांगणार, "डावीकडं! डावीकडं बंट्या!" त्यावरून बाकीच्या पेठा हसायच्या, की पिंपळकट्ट्याला कोच लागत नाही, पायरीच शिकवती. हा पोरगा त्या ओरडण्याचा म्होरक्या. तालमीत घेतला तर हरणासारखा पळायला लागला. डोकंही होतं. पण सरावात तोंड बंद म्हणून नाही. मी रोज म्हणायचो, अरे तोंडाला टाळा लाव, कान किटले.

आणि दाजी पळत नव्हते. वय झालं होतं, गोड सोडलं होतं, स्कूटर आक्काच्या हवाली करून सगळीकडं पायी जायला लागले होते. पण बॉल पायात आला की खाली मान घालून, कुणाकडंही न बघता पास द्यायचे, आणि तो सुईत दोरा ओवावा तसा नेमक्या गड्याकडं जायचा. येसूच्या पाठीला डोळे आहेत, असं सगळं कोल्हापूर म्हणायचं.

"दाजी, उद्या तुम्हीच," मी म्हणालो.

त्यांनी घास बराच वेळ चावला. "पोराला घाल की."

"पोरगं बावचळंल. एवढं मोठं मैदान रिकामं बघितलं की भलेभले बावचळतात. तुमच्यासारखं माणूस पाहिजे मधी."

"लोक नसणार, न्हाई का," ते म्हणाले.

"चिटपाखरू नाही."

दाजींनी हातातला तुकडा ताटात ठेवला. आक्का त्यांच्याकडं बघत राहिली. मला वाटलं, ती आता काहीतरी बोलणार. पण ती बोलली नाही आणि तेच म्हणाले, "खेळतो."

सकाळी पोरांना पिंपळाखाली गोळा केलं आणि माझी अक्कल पाजळली. रात्रभर विचार करून एक डाव काढला होता आणि त्याचा मला फार अभिमान वाटत होता.

"मैदान आज मोकळं आहे," मी म्हणालो. "गडबड नाही, हलगी नाही. तुम्ही बॉल मागायला तोंड उघडलं की समोरच्याला आधी कळणार तुम्ही कुठं आहात ते. म्हणून आज कुणी आवाज द्यायचा नाही. मुक्यानं खेळायचं. मोकळी जागा पकडायची आणि गप उभं राहायचं. येसूदा बघून घेईल."

पोरांना डाव आवडला. बंट्यानं तर तोंडावर बोट ठेवून दाखवलं. दाजी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले होते आणि त्यांना ती बांधायला फार वेळ लागत होता.

पोरं पांगल्यावर तौफिक मागं थांबला.

"मास्तर, मुक्यानं खेळायचं तर दाजींना नका घालू."

"मग कुणाला घालू? तुला?"

"मला नका घालू. दुसऱ्या कुणालाबी घाला. पण दाजींना नको."

"का?"

ज्या पोराचं तोंड कधी मिटलं नाही तो नेमका इथं गप्प झाला, आणि माझं डोकं फिरलं. काल तालमीत आला आणि आज मला शिकवतोय. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

"ज्या माणसानं तुला बॉलला पाय लावायला शिकवलं," मी म्हणालो, "त्याची जागा बळकावायला निघालास. लाज वाटती का? आज बाकावर बसायचं. आणि बाकावरून एक अक्षर ओरडलास तर रेफ्री काढायच्या आधी मीच तुला बाहेर काढीन."

त्याचे डोळे भरून आले. मला ते शरमेचं पाणी वाटलं.

दुपारी खराडे आण्णांनी मला तालमीच्या मागच्या बाजूला नेलं. आण्णा आमचे अध्यक्ष. आत यायची परवानगी मिळालेला एकमेव पदाधिकारी तेच.

"मास्तर, तुमचं दाजी परवा कुठं होतं?"

"घरी असतील."

"सांगलीच्या रस्त्याला होतं. हौदाकडच्या जयसिंग पाटलाच्या गाडीत. बघणाऱ्यानं डोळ्यांनी बघितलंय."

हौदाकडील तालीम म्हणजे त्याच दिवशीचा आमचा प्रतिस्पर्धी, आणि जयसिंग पाटील त्यांचा सेक्रेटरी. पण मी म्हणालो, "शाळेत एका बाकावर होते ते दोघं."

"बाक येगळा, गाडी येगळी," आण्णा म्हणाले. "ध्यानात असू द्या म्हणजे झालं."

रिकामं स्टेडियम मी तोवर पाहिलं नव्हतं. आमची पायरी उन्हात पसरून पडलेली, तिच्यावर दोन कावळे. भिंतीपलीकडं सगळी पेठ उभी होती. तिची कुजबुज येत होती, पण शब्द कळत नव्हते. शिट्टी वाजली आणि बॉलला बूट लागल्याचा आवाज चारी बाजूंनी फिरून परत आला.

आमची पोरं शहाण्यासारखी मुकी राहिली. हौदाकडचे मात्र नेहमीसारखे आरडत होते. "दे, दे!" "इकडं, मागं!" "उजवीकडं मोकळाय!" मी मनात म्हणालो, ओरडा लेको, सगळं कळतंय आम्हाला.

पहिला बॉल दाजींच्या पायात आला. डावीकडं बंट्या एकटा उभा होता, हात वर करून. दाजींनी मान खाली घातली, थांबले, आणि बॉल सरळ हौदाकडच्या गड्याला दिला.

चुकतं माणसाचं. मी टाळी वाजवली.

दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी तर आसपास आमचे तिघं मोकळे होते, आणि दाजींनी कमरेतून वळून, नेहमीच्या त्या सुंदर सफाईनं, बॉल त्यांच्या हाफबॅकच्या पायात नेऊन घातला. कुणी ढकललेलं नाही, कुणी अडवलेलं नाही. हातात दिल्यासारखा दिला. त्या गड्यानंसुद्धा एकदा दाजींकडं बघितलं, मग पळाला. दोन पासांत गोल. आमच्या जाळ्यात.

भिंतीपलीकडून पेठेचा आवाज आला, "काय झालं? काय झालं?"

मी गोलात उभा राहून आयुष्यात पुष्कळ गोल खाल्ले, पण असं कधी झालं नव्हतं. मैदानाच्या मधोमध माझा दाजी उभा होता, हात लोंबत सोडून, आणि तो समोरच्या संघासाठी खेळत होता. मी डोळे मिटून उघडले. पुढचाही पास तिकडंच गेला.

"इकला गेलाय," आण्णा माझ्या कानाशी म्हणाले. "तुमचा सख्खा दाजी. पेठ इकून खाल्ली त्यानं."

शेजारी तौफिक दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून बसला होता. मला वाटलं, पोराला हे बघवत नाही.

हाफ टाइमला मी दाजींना कोपऱ्यात घेतलं. पोरं आमच्याकडं बघत नव्हती, सगळी जमिनीकडं बघत होती. आजवर मी दाजींशी वर मान करून बोललो नव्हतो. मोठ्या बहिणीचा नवरा म्हणजे बापाच्या जागी.

"दाजी, एकदाच विचारतो. विकलात काय आम्हाला?"

ते माझ्याकडं बघत राहिले. चेहऱ्यावर राग यावा, हात तरी उगारावा, अशी मी वाट बघितली. काहीच आलं नाही.

"परवा जयसिंगच्या गाडीत होता तुम्ही?"

"होतो."

"मग?"

"मला काढ," ते म्हणाले. "पोराला घाल."

यापेक्षा सरळ कबुली काय असते? मी त्यांच्या अंगातला दहा नंबर उतरवून घेतला आणि तौफिककडं फेकला. आक्काच्या घरी आता कुठल्या तोंडानं जायचं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

दुसरा हाफ सुरू झाला. दाजी अंगात सदरा आणि पायात चपला घालून बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले. मी तोंड फिरवून घेतलं. आण्णा उठून गेटाकडं निघून गेले, त्यांना हे बाहेर सांगायची घाई झाली होती.

तौफिकनं आत जाऊन पहिलं काम काय केलं, तर माझा नियम मोडला. "बंट्या, डावीकडं! समर, मागं ये!" पोरांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांना अडवलं नाही. मग एकेकाचं तोंड सुटलं आणि मैदानावर दोन्हीकडून आवाज यायला लागले. खेळाला जीव आला. आमचा बॉल एकदा बारला लागला. पुन्हा एकदा थोडक्यात बाहेर गेला.

शेवटी पलीकडच्या टोकाला गर्दी झाली. तौफिकनं तीन गड्यांच्या मधून बॉल सरकवला, बंट्यानं पाय घातला आणि जाळं हललं. पोरं एकमेकांवर पडली. आमच्या पिवळ्या जर्सींचा नुसता ढीग झाला. रेफ्रीनं मध्याकडं हात केला. लहान पोराला समजावं इतकं ते उघड होतं.

माझ्या मनगटावर हात पडला. दाजींनी ते घट्ट धरलं आणि हळूच विचारलं, "आपला का त्यांचा?"

मी झटक्यात वळलो. वाटलं, हा माणूस आता थट्टाही करतोय. पण त्यांचे डोळे मैदानाकडं लागले होते. टक्क उघडे, आणि भलतीकडंच, जिथं गवताशिवाय काहीच नव्हतं तिथं.

"दिगू, सांग की. आपला का त्यांचा?"

"आपला," मी म्हणालो. "दाजी, तुम्हाला दिसत नाही?"

"तू दिसतोयस. बॉल पायात आला की दिसतो. चार-पाच पावलापतोर माणसाचा आकार कळतो, दांडा-खड्डा न्हाई. त्याच्या पलीकडं सगळं ताक सांडल्यागत पांढरं."

"कधीपासनं?"

"तीन वर्सं झाली असतील. साखरेनं डोळ्याचा पडदा खाल्ला. जयसिंग मिरजेला न्हेतो डॉक्टरकडं. गाडी हाय त्याच्याकडं, आणि त्याचं त्वांड बंद असतंय."

हौदाकडच्या सेक्रेटरीला माहीत होतं. तीन वर्षं त्याला माहीत होतं, आणि त्यानं आपल्या पेठेला एका शब्दानं सांगितलं नाही. आणि मी, त्यांच्या ताटाला ताट लावून जेवणारा, मला काही दिसलं नाही.

"पण पास, दाजी? ते पास कसे द्यायचा तुम्ही?"

"पायरी सांगायची की," ते म्हणाले, जणू हे सगळ्यांनाच ठाऊक असावं तसं. "डावीकडं म्हणाली, डावीकडं दिला. बंट्या म्हणाली, बंट्याचा पाय कुठवर पोचतो ते ठाव हाय मला. आज तू पोरांची त्वांडं बांधलीस. मैदानात आवाज हुता तो हौदाकडच्यांचाच. कानाला कळायचं परकं हाय म्हणून, पण पायाला सवय. दे म्हणलं की पाय जायचा."

मी बाकाची कड धरून बसलो. पाठीला डोळे असलेला माणूस. आम्ही त्या पासांवर नाचलो होतो, त्यांना खांद्यावर घेऊन पेठभर फिरवलं होतं. आणि त्यांना समोर काय दिसत होतं, तर ताक.

"मला का नाही सांगितलं?"

"तू काढलं असतंस."

"तौफिकला तरी—"

"त्याला कोण सांगतंय? पायरीवर असताना चेष्टेनं एकदा उलटं नाव घेतलं त्यानं. मी उलटाच दिला. दुसऱ्या दिवशी घरी येऊन रडाय लागलं पोरगं. तवापासनं त्यानं पायरीला कधी चुकू दिलं न्हाई."

मैदानावर तौफिक घसा फोडून ओरडत होता. सकाळी मी त्याचीच लाज काढली होती.

"आता काय चाललंय?" दाजी म्हणाले.

मग मी सांगत गेलो. कॉर्नर आहे, त्यांचा. आपल्या पोरानं डोक्यानं काढला. तौफिककडं आलाय बॉल. डावीकडं दोघं धावलेत.

"डावीकडं देणार न्हाई त्यो," दाजी म्हणाले. "उजवीकडं मोकळं सोडलं असंल त्यांनी."

तौफिकनं बॉल उजवीकडं दिला. दाजींनी मान हलवली, आपलंच काहीतरी बरोबर आल्यासारखी. शेवटची शिट्टी होईपर्यंत मी बोलत राहिलो आणि ते ऐकत राहिले. बरोबरी झाली. तालीम वरच्या गटात राहिली. पोरं धावत आली, आणि दाजींना बघून अलीकडंच थांबली.

"बाहेर आण्णा सांगत असणार, विकला म्हणून," मी म्हणालो. "मी जाऊन खरं काय ते सांगतो."

"न्हाई सांगायचं."

"दाजी, पेठ फाडून खाईल."

"इकला म्हणतील तर चिडतील. आंधळा म्हणतील तर कीव करतील." ते उठले. "चिडलेली पेठ मला परवडती. शबूद दे."

मी शब्द दिला. दुसरं काय करणार होतो?

"आणि हात धरू नकोस. लोक बघत्यात."

गेट उघडलं. रस्ता माणसांनी भरला होता, पण जल्लोष नव्हता. आण्णांचं बोलून झालेलं दिसत होतं. इतकी माणसं आणि इतकी शांतता मी पेठेत पुन्हा कधी ऐकली नाही. गर्दी दोन्ही बाजूंना सरकली आणि मधून वाट झाली. दाजी त्या वाटेनं एकटे निघाले, मान ताठ ठेवून, ओळखीचा रस्ता असल्यासारखे. मी आणि पोरं मागं.

एक चप्पल आली आणि त्यांच्या खांद्यावर बसली.

ते थांबले. चप्पल कुठून आली हे बघायला वळले, आणि वळले ते चुकीच्या बाजूला. तिथून पुन्हा चालायला लागले तेव्हा वाट सुटली होती. समोर उसाच्या रसाचा गाडा उभा होता, त्याचा लोखंडी दांडा छातीच्या उंचीला पुढं आलेला. दाजी सरळ त्याच्यावर चालले होते. मी दिलेला शब्द घशात अडकला.

"दाजी, उजवीकडं!"

आवाज माझ्या मागून आला. तौफिकचा. पायरीवरचाच, तसाच लांबवलेला, तसाच कपाळाच्या शिरा ताणून काढलेला. दाजींचे पाय त्याच क्षणी उजवीकडं वळले.

"सरळ! सरळ, सरळ... डावीकडं थोडं!"

दाजी सरळ गेले, मग थोडे डावीकडं. गाडा मागं राहिला.

ती सगळी पायरीवरची माणसं होती. तीन वर्षं याच आवाजात आवाज मिसळून ओरडलेली. त्यांनी तो आवाज ऐकला आणि ते पाय त्याच्या मागं जाताना बघितले. मी त्यांचे चेहरे बघत होतो. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. एकाचं तोंड उघडं राहिलं, एकानं डोक्यावरची टोपी काढली. खराडे आण्णा मटकन गेटाच्या दगडावर बसले.

चप्पल मारली होती बंडा सुतारानं. तो एका पायानं अनवाणी उभा होता. पुढचा आवाज त्याचा आला, फाटका, जेमतेम निघालेला.

"येसूदा, गटार हाय. डावीकडं."

दाजी डावीकडं सरकले.

"आता सरळ," पुढं कुणीतरी म्हणालं.

"सायकल आडवी हाय, थांब, काढतो."

"चल आता."

पेठेपर्यंतच्या त्या रस्त्यावर कुणी त्यांना हात लावला नाही. एक आवाज संपायचा तिथं दुसरा लागायचा. बायका दारात आल्या आणि त्यांनाही न सांगता कळलं. पानाच्या दुकानातून, शिकलगारांच्या धारेच्या चाकाजवळून, वरच्या गॅलरीतून आवाज येत राहिले. ओरडत कुणीच नव्हतं. दाजी एकदाही थांबले नाहीत. एकदाच त्यांनी बाहीनं तोंड पुसलं.

घरापाशी आल्यावर गल्ली गप्प झाली. यापुढं काय आहे ते कुणाला माहीत नव्हतं. दार उघडं होतं. आत आक्का चुलीसमोर पाठमोरी बसली होती. बाहेर एवढी माणसं गोळा झालेली तिला कळली असणार, पण ती वळली नाही. चप्पल वाजली तेवढीच तिनं ऐकली.

"उंबरा," ती म्हणाली.

दाजींनी पाय उचलून आत टाकला.